कुटुंबासह नव्या शहरात: आधी काय ठरवायचं आणि मुद्दाम काय लांबवायचं

शहर बदलायचं ठरलं की घरात पहिली चर्चा सुरू होते ती सामानाची. कपाट न्यायचं की विकायचं, ट्रक केवढा लागेल, खोके कुठून आणायचे. खरं तर सगळ्या खटाटोपातलं हे सर्वांत सोपं काम, कारण पैसे मोजले की ते दुसरं कुणीतरी करून देतं. अवघड असतात ते निर्णय, आणि त्याहून अवघड त्यांचा क्रम. घर आधी पक्कं केलं आणि शाळा नंतर शोधली, की त्याची किंमत पुढची काही वर्षं रोज सकाळी मोजावी लागते.

म्हणून या लेखात एकच कसोटी लावली आहे. हा निर्णय चुकला तर परत फिरवता येईल का? येत असेल तर पटकन घ्या आणि मोकळे व्हा. येत नसेल तर सावकाश घ्या. आणि तो लांबवता येत असेल, तर नवं शहर अंगवळणी पडेपर्यंत खुशाल लांबवा.

एक जुना अभ्यास इथे उपयोगी पडतो. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १०० गुणांवर. घर बदलण्याला त्यांनी दिले फक्त २०. पण शहर बदलताना घर एकटं बदलत नाही. शाळा बदलते (२०), राहणीमान बदलतं (२५), जोडीदाराची नोकरी सुटते किंवा सुरू होते (२६), कामातली जबाबदारी बदलते (२९), पैशाचं गणित बदलतं (३८), लोकांत मिसळणं (१८) आणि नातेवाइकांच्या भेटी (१५) बदलतात. बेरीज १९१ होते, आणि त्यात घराचे म्हणून फक्त २०. यादी करताना आपण मात्र बहुतेक वेळ त्या २० गुणांवरच घालवतो.

जायचं का, आणि किती काळासाठी

जाणं पक्कं असलं तरी हा प्रश्न कागदावर लिहून काढा. घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे दोन ओळी: याला काय मिळणार, याचं काय सुटणार. ज्याच्या नोकरीसाठी सगळे निघालेत त्याचा पहिला रकाना भरलेला असतो. इतरांचा बहुधा रिकामा. विशेषतः जोडीदाराला नोकरी सोडावी लागणार असेल, तर "तिथे गेल्यावर बघू" हे उत्तर चालवून घेऊ नका. सध्याच्याच ठिकाणी बदली मिळेल का, काही महिने घरून काम करता येईल का, नव्या शहरात त्या क्षेत्रात कामं आहेत का, याची विचारपूस निघण्याआधी व्हायला हवी. इथून जाणाऱ्या माणसाकडे ओळखी असतात, तिथे पोहोचलेल्या माणसाला त्या नव्याने जमवाव्या लागतात.

नोकरीचा प्रस्ताव सही करण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: स्थलांतराचा खर्च कोण देणार आणि किती, सुरुवातीच्या राहण्याची सोय किती दिवसांची, एक-दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर तो खर्च परत द्यावा लागेल का, आणि रुजू होण्याची तारीख किती मागेपुढे करता येईल. शेवटचा मुद्दा विचारायला लोक संकोचतात. सही होण्याआधी तारीख बदलून मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते आणि सही झाल्यावर ती झपाट्याने घटते.

काळही ठरवा. "दोन वर्षं, मग पुन्हा विचार" असं ठरलं असेल तर सध्याचं घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं. घर विकण्याचा निर्णय परत फिरवता न येणाऱ्यांतला आहे.

तारीख उलटी मोजत या

तारखेला तीन खुंटे असतात: नोकरीत रुजू व्हायचा दिवस, शाळेचं वर्ष सुरू होण्याचा दिवस, आणि सध्याच्या घराच्या भाडेकरारातली नोटिशीची मुदत. तिन्ही एका रेषेत क्वचितच येतात. मुलं शाळेत असतील तर शाळेची तारीख पक्की धरा आणि बाकीच्या दोन तिच्याभोवती बसवा. जाण्याच्या दिवसापासून मागे बारा आठवडे मिळाले तर काम नीट होतं. आठ आठवड्यांत धावपळ होते, पण जमतं. त्याहून कमी असतील तर सगळं एकदम हलवायचा हट्ट सोडावा. एकाने पुढे जावं, बाकीच्यांनी मागून यावं.

या पुढे-मागे जाण्याचे फायदे खरे आहेत. पुढे गेलेला माणूस शहर बघून ठेवतो, मुलांचं वर्ष मोडत नाही. पण याला शेवटची तारीख हवीच. ती नसली की मागे राहिलेल्यावर सगळ्या घराचा भार पडतो आणि "अजून एक महिना" असं म्हणत अर्धं वर्ष जातं. दोन घरांचा खर्च चालू राहतो तो वेगळाच.

शहर बघायला जाल तेव्हा

घर घेण्याआधी निदान एक फेरी करा, आणि ती सुट्टीच्या दिवशी करू नका. सुट्टीच्या दिवशी कुठलंही शहर मोकळं आणि शांत वाटतं. कामाच्या दिवशी सकाळी, नेमक्या कार्यालयाच्या वेळेला, मनात असलेल्या भागातून कामाच्या ठिकाणापर्यंत जाऊन बघा. संध्याकाळी परत या. नकाशावरच्या किलोमीटरला फारसा अर्थ नाही, दारापासून दारापर्यंत लागणारी मिनिटं मोजा. त्यात चालणं, वाट बघणं, गाडी लावायला जागा शोधणं, सगळं धरा.

एवढा आग्रह कशासाठी? एका बाजूचा प्रवास पाऊण तासाने वाढला तर दिवसाला दीड तास जातो. महिन्याला २२ कामाचे दिवस धरले तर ३३ तास, म्हणजे जवळपास कामाचा अख्खा आठवडा. अलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची माहिती तपासली. लांबच्या प्रवासाची भरपाई चांगल्या पगाराने किंवा चांगल्या घराने होत असेल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात लांबून येजा करणारी माणसं आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाली. मोठ्या घराची आपल्याला सवय होऊन जाते, रोजच्या कोंडीची होत नाही. माझं मत विचाराल तर एक खोली कमी चालेल, पण प्रवास वाढवू नये.

आवडलेल्या भागात दुसऱ्यांदा रात्री जा. रस्त्यावर उजेड आहे का, माणसं आहेत का, आवाज किती आहे ते कळतं. औषधाच्या दुकानात, शाळेच्या फाटकापाशी थांबलेल्या पालकांना, इमारतीतल्या सुरक्षारक्षकाला विचारा: पाणी किती वेळ येतं, वीज जाते का, पावसात कुठे तुंबतं? घर दाखवणारा एजंट हे सांगत नाही, कारण त्याचा कामाचा मोबदला तुम्ही हो म्हणण्यात आहे.

आधी शाळा, मग घर

कामाचं ठिकाण बहुधा ठरलेलं असतं. दुसरा बिंदू शाळा. हे दोन ठरले की घर कुठे शोधायचं ते आपोआप आकुंचित होतं. उलट केलं तर जवळच्या शाळेत जागा नसते आणि जिथे जागा असते ती शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला निघते. काही ठिकाणी प्रवेशच पत्त्यावर अवलंबून असतो. तसं असेल तर शाळेच्या कक्षेत घर शोधावं लागेल, आणि हे आधी कळायला हवं.

शाळेला विचारायचे प्रश्न निकालाच्या टक्केवारीपलीकडचे असावेत. वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलाला कसं सामावून घेता? आधीच्या शाळेत न झालेला भाग कोण भरून काढतं? शिकवण्याचं माध्यम आणि दुसरी भाषा कोणती? या उत्तरांतून शाळेचा स्वभाव कळतो. सध्याच्या शाळेकडून दाखला, गेल्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका, लसीकरणाची नोंद, आणि मुलाला काही विशेष मदत मिळत असेल तर तिची लेखी माहिती, एवढं हातात आल्याशिवाय निघू नका. शाळांच्या सुट्टीत कार्यालय बंद असतं, हे ऐन वेळी लक्षात येतं.

मूल शेवटच्या मोठ्या परीक्षेच्या वर्षात असेल तर मी अख्खं कुटुंब हलवायच्या विरोधात आहे. अगदीच इलाज नसेल तर गोष्ट वेगळी. ते एक वर्ष वेगळं राहून काढणं परवडतं.

घर: पहिलं वर्ष भाड्याचंच

कितीही स्वस्त वाटलं, कितीही घाई झाली, तरी पहिल्या वर्षात घर विकत घेऊ नका. बाहेरून आलेल्या माणसाला शहराचे भाव कळत नाहीत, आणि आपल्याला कुठला भाग मानवतो तेही राहिल्याशिवाय कळत नाही. शक्य असेल तर पहिला महिना सामानासह मिळणाऱ्या तात्पुरत्या जागेत काढा आणि तिथून घर शोधा. महाग पडतं, पण न बघता अकरा-बारा महिन्यांच्या करारात अडकण्यापेक्षा स्वस्तच.

प्रत्यक्ष न बघता, मालकाची ओळख न पटवता एक पैसाही देऊ नका. "अजून तिघे रांगेत आहेत, आज टोकन द्या" ही फसवणुकीची सर्वत्र चालणारी पद्धत आहे. स्वतः जाता येत नसेल तर त्या शहरातल्या ओळखीच्या कुणाला पाठवा, तेही नसेल तर व्हिडिओ कॉलवर मालकाला नळ सोडायला, खिडक्या उघडायला, इमारतीच्या दारापासून चालत यायला सांगा.

करार वाचताना भाड्याच्या आकड्यावर नजर अडकते. त्याऐवजी या ओळी शोधा: डिपॉझिट कधी आणि कशाकशाचे पैसे कापून परत मिळणार, मुदतीआधी सोडलं तर काय, दुरुस्ती कुणाकडे, भाडं किती आणि कधी वाढणार. ताबा घेतल्या दिवशी सामान आत जाण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा. भिंतीवरचे डाग, फुटकी फरशी, विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचे आकडेही. ते त्याच दिवशी मालकाला पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. मोबाइलला आतल्या खोलीत रेंज येते का तेही बघा. घरून काम असेल तर इंटरनेट जोडणी किती दिवसांत मिळते ते विचारा, कारण कधीकधी ती आठवडे घेते.

पैशाचं गणित

नवा पगार जुन्या पगाराशी ताडून बघू नका. महिन्याअखेरीस हातात उरणारी रक्कम ताडा. भाडं, प्रवास, शाळा, मुलं सांभाळण्याची सोय, कर, विमा, हे सगळं नव्या शहराच्या भावाने मांडा. आजवर जे काम आजी-आजोबा किंवा शेजारी प्रेमाने करत होते त्याचेही आता पैसे पडणार आहेत. हा रकाना जवळजवळ सगळ्यांच्या हिशेबातून सुटतो.

एकदाच होणारे खर्च वेगळ्या पानावर लिहा: वाहतूक, नवं डिपॉझिट, एजंट, शाळेचा प्रवेश, प्रवास, नवी उपकरणं, आणि एका महिन्याचं दुहेरी भाडं. जुनं डिपॉझिट हातात यायच्या आधी नवं भरावं लागतं, त्यामुळे तेवढी रक्कम मोकळी हवी. शिवाय तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला. एकच कमावता राहणार असेल तर सहा महिन्यांचा.

निघण्याआधी एक महिना नव्या शहराच्या अंदाजपत्रकावर जगून बघा, फरकाची रक्कम बाजूला टाकत. कागदावरचा आकडा खोटा असेल तर तो इथेच उघडा पडतो.

सामान

आधी नव्या घराची मापं घ्या: दारं, जिना, लिफ्ट. मग ठरवा काय न्यायचं. वाहतुकीचा दर बहुतेक करून आकारमान किंवा वजन, अंतर आणि मजले यांवर ठरतो, म्हणून प्रत्येक वस्तूला विचारा की हिला तिथवर नेण्याचा खर्च जास्त की तिथे दुसरी घेण्याचा. जुनी जड कपाटं या परीक्षेत बहुधा नापास होतात. मुलांचे पलंग आणि त्यांची रोजची वस्तू मात्र हिशेब न करता न्या.

तीन पॅकर्सना घरी बोलावून सामान दाखवा. फोनवरचा दर वाहतुकीच्या दिवशी फुगतो. दर लेखी घ्या, त्यात बांधणी, चढवणं-उतरवणं, जिना, कर काय काय धरलंय ते लिहून घ्या. विमा वेगळा असतो. तो नुकसानीची भरपाई घोषित किमतीवर देतो की नव्या वस्तूच्या किमतीवर, हे विचारा. वाहतुकीच्या यादीवर सही करताना वस्तूंवर आधीपासून असलेले ओरखडे त्यात लिहिलेले असतात. ते खरे आहेत का हे वाचल्याशिवाय सही नको.

पुस्तकं लहान खोक्यात, उशा-पांघरुणं मोठ्या. हलवताना माणसाच्या कमरेचा विचार करा. उचलण्याच्या सर्वांत सोयीच्या स्थितीतही अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने घालून दिलेली मर्यादा २३ किलोंची आहे, आणि जिन्यावर ती स्थिती कधीच नसते. घरी भरलेलं खोकं १५ किलोंच्या आसपास ठेवा. खोक्यावर आत काय आहे यापेक्षा ते कुठल्या खोलीत जाणार हे मोठ्या अक्षरात लिहा, वर आणि दोन बाजूंना.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, उभाच न्या. आडवा झालाच तर पोहोचल्यावर काही तास, जमल्यास दिवसभर, उभा ठेवून मगच सुरू करा, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं. समोरून उघडणाऱ्या धुलाईयंत्राचं पिंप वाहतुकीसाठी मागच्या बोल्टांनी आवळतात. ते बोल्ट नव्या घरी काढल्याशिवाय यंत्र चालवू नका. टीव्ही, राउटर यांच्या वायरी काढण्याआधी मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. गॅस सिलिंडर, रंग, थिनर, पेट्रोल ट्रकमध्ये जात नाही. लॅपटॉप, पॉवर बँक, दागिने आणि मूळ कागदपत्रं स्वतःजवळ.

एक बॅग पहिल्या रात्रीची. चादरी, टॉवेल, साबण, औषधं, चार्जर, टॉर्च, पेचकस, कात्री, मुलांचं आवडतं खेळणं. ट्रक एक दिवस उशिरा आला तरी या बॅगेवर रात्र निघायला हवी.

पत्ता, बँक, डॉक्टर

गेल्या वर्षभरातले बँकेचे व्यवहार उघडा. ज्यांना तुम्ही पैसे दिले किंवा ज्यांनी तुम्हाला दिले ती तुमची पत्ता बदलण्याची यादी. त्यात मतदारयादी, कर खातं, वाहन आणि परवाना, विमा, गुंतवणुका घाला. जुना मोबाइल नंबर लगेच बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्याच्यावर येतात, आणि तो गेला की बाकी सगळी दारं एकदम बंद होतात. सगळीकडे नवा नंबर लागला याची खात्री होईपर्यंत जुना चालू ठेवा.

सगळ्यांच्या वैद्यकीय नोंदी, जुने रिपोर्ट, चष्म्याचा नंबर, दातांची कामं घेऊन ठेवा. नियमित औषधं निदान एका महिन्याची जादा. आरोग्य विम्यात नव्या शहरातली कुठली रुग्णालयं येतात ते आधी बघा, आणि रात्री अपरात्री कुठे जायचं ते पहिल्याच आठवड्यात ठरवून ठेवा.

मुलं आणि वडीलधारी

मुलांना ठरल्यावर लगेच सांगा, आणि दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नका. जिथे त्यांना खरोखर निवड नाही तिथे "तुला काय वाटतं?" विचारू नये, त्यातून राग वाढतो. जिथे निवड आहे, खोलीचा रंग, कुठला पलंग कुठे, कुठल्या छंदवर्गाला जायचं, तिथे निर्णय पूर्णपणे त्यांचा. जुन्या मित्रांना भेटायची पुढची तारीख निघण्याआधीच ठरवून ठेवली तर निरोप सोसवतो. किशोरवयातली मुलं गप्प होतात, आणि ती रुळली असा आपण समज करून घेतो.

वडीलधाऱ्यांकडे सर्वांत कमी लक्ष जातं, कारण ते तक्रार करत नाहीत. शाळा आणि कार्यालय निदान मुलांना आणि कमावत्यांना माणसं आयती देतात, वडीलधाऱ्यांना कुणी देत नाही. घर बघताना त्यांच्यासाठी तीन गोष्टी तपासा: चालत जाण्यासारखी सपाट जागा, लिफ्ट किंवा तळमजला, आणि त्यांच्या वयाची माणसं जमतात असं एखादं ठिकाण. तसं नसेल तर इतर कितीही चांगलं घर त्यांच्यासाठी कोंडवाडा ठरतं.

पोहोचल्यावर

पहिल्या दिवशी फक्त पलंग, स्नानगृह आणि स्वयंपाकघर. बाकीचे खोके राहू द्यात. मुलांची खोली सगळ्यात आधी लावा, आपली शेवटी. झोपण्या-उठण्याच्या वेळा पहिल्याच आठवड्यात जुन्यासारख्या करा.

मैत्रीला वेळ लागतो, आणि तो मोजलेलाही आहे. जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाने २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला सुमारे ५० तास एकत्र जावे लागतात, जिवलग व्हायला २०० हून जास्त. एकदाच्या भेटीगाठींनी हे तास भरत नाहीत. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच माणसांसोबत होणारी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने धरावी: खेळ, गाणं, वाचनालय, व्यायाम, काहीही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत जुन्या शहराची ओढ वाढते. तेवढ्यावर निर्णय घेऊ नका.

जुन्या घराच्या डिपॉझिटचा पाठपुरावा या गडबडीत मागे पडतो. मीटरचे शेवटचे आकडे, चाव्या दिल्याची पोच आणि रिकाम्या घराचे फोटो एका जागी ठेवा आणि ठरलेल्या तारखेला आठवण करा.

नव्या घराच्या भाडेकराराची मुदत संपायच्या तीन महिने आधीची तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका. त्या दिवशी सगळ्यांनी बसून तीन प्रश्न घ्या: याच घरात राहायचं, याच शहरात दुसऱ्या भागात जायचं, की परत फिरायचं? घर विकत घ्यायचा विचार असेल तर तो त्या दिवसापासून सुरू करा, आणि शोध घेताना करार आणखी अकरा महिन्यांनी वाढवून घ्या.